घर्षण दुर्लक्षित करा

उत्तर जुळलं नाही तेव्हा चूक पुस्तकाची आहे असं देवराव गुरुजींनी जाहीर केलं, आणि पुढचा सगळा ताप तिथून सुरू झाला. हे नुसतं मनात म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ज्यानं जन्मभर पोरांना शिकवलं त्याला मनात बोलायची सवय नसते. त्यात ऐन उन्हाळ्यातली दुपार, ओसरीचं दार सताड उघडं, आणि लाईन गेल्यामुळे बाभुळगावची ती अख्खी गल्ली आपापल्या ओट्यावर हवा खात बसलेली. अशा वेळी एक वाक्य गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायला कितीसा वेळ लागतो?

गणित शेजारच्या अपेक्षाचं होतं. ती बारावीची परीक्षा देऊन आता सीईटीच्या मागे लागली होती. हातात जाडजूड गाईड घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आबाजी, हे लंबकाचं गणित सुटूनच नाही राह्यलं."

"पोरी, मी भूगोलाचा मानूस. मले नद्या विचार, डोंगर विचार. लंबक माह्याकडे कधीच नव्हता."

"पन आजी तं म्हने, आमच्या मास्तराईले येत नाही असं गनितच नाही."

आजी म्हणजे पंचफुलाबाई, देवरावांची बायको. मागचा पावसाळा संपता संपता त्या गेल्या. जाताना कसली निरवानिरव करून गेल्या नाहीत, पण गल्लीत घरोघरी नवऱ्याची अशी तारीफ पेरून गेल्या होत्या आणि ती आता उगवत होती. त्या असत्या तर देवरावांना रागावता आलं असतं, "उगाच काहीबाही सांगत नोको जाऊ" म्हणता आलं असतं. आता रागवायचं कोणावर? गेलेल्या माणसाचा शब्द खोटा पाडायला धैर्य लागतं, आणि देवरावांकडे सध्या शेगडी पुसण्यापुरतंही धैर्य शिल्लक नव्हतं. त्यांनी चष्मा घातला.

गणित असं होतं. एका झोपाळ्याच्या साखळ्या दोन मीटर लांब. झोपाळा थांबलेला असताना फळी जमिनीपासून अर्धा मीटर उंच. तीस किलोच्या मुलाला बसवून, साखळ्या उभ्या रेषेशी साठ अंशांचा कोन करतील इतका झोपाळा ओढला आणि सोडला. तर अगदी खालच्या जागी त्याचा वेग किती? आणि शेवटी, बारीक अक्षरात: घर्षण दुर्लक्षित करा.

"झोपाळा म्हन्जे आपली बंगई," अपेक्षा म्हणाली.

तेवढं देवरावांना समजलं होतं. बंगई त्यांच्या डोक्यावरच होती. पंचफुलाबाईंची ती बंगई त्या गेल्यापासून साखळ्यांसकट वर ओढून भिंतीच्या खुंटीला बांधून ठेवलेली होती. कोणी विचारलं तर देवराव सांगत, जाता-येता डोक्याला लागते.

तासभर खपल्यावर त्यांना एवढं उमगलं की वरच्या टोकाला सगळी ऊर्जा उंचीची असते, खाली येईस्तोवर तीच वेगाची होते. ना वाढते, ना घटते. एका बाजूला उंची मांडा, दुसऱ्या बाजूला वेग मांडा. वजन दोन्हीकडे असतं म्हणून दोन्हीकडून कटतं.

"मंग मूल तीस किलोचं हाय हे सांगितलं कायले?"

"फसवाले," अपेक्षा म्हणाली. तिला परीक्षांचा अनुभव होता.

साठ अंशांवर फळी एक मीटर वर जाते. अर्धा मीटर आधीची. झाली दीड मीटर उंची. देवरावांनी आकडे मांडले, वर्गमूळ काढलं, वेग आला सेकंदाला साडेपाच मीटर. गाईडच्या मागच्या पानावर उत्तर होतं साडेचार. पुन्हा केलं, पुन्हा साडेपाच. मग त्यांनी गाईड मिटलं, चष्मा काढला आणि ते वाक्य म्हटलं.

"छपाईची चूक हाय."

संध्याकाळी लाईन आली आणि गल्लीतल्या कपिलचा मोबाईल चार्ज झाला. कपिलचं बसस्टँडजवळ ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. जगात जे काही घडतं ते कुठंतरी अपलोड करायसाठीच घडतं, असं त्याचं प्रामाणिक मत. त्यानं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं: 'आपल्या गुरुजींनी शोधली पुस्तकातली घोडचूक!' खाली देवरावांचा फोटो. फोटोत मागच्या भिंतीवर पंचफुलाबाईंचा हार घातलेला फोटोही आला होता. त्यामुळे पहिल्या काही लोकांनी फुलं टाकली, एकानं अंगठा दाखवला आणि बाकीच्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडले. वणीहून देवरावांच्या साडूंचा रडवेला फोन आला. तो देवरावांनीच उचलला म्हणून साडू घाबरून काही बोलेचनात.

"मी जिवंत हावो," देवराव म्हणाले. इतक्या थकल्या आवाजात म्हणाले की साडूंची खात्री पटायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा यवतमाळच्या क्लासहून आली ती तोंड पाडून. क्लासच्या सरांना तिनं चूक दाखवली होती. सर म्हणाले, हे कोण गुरुजी? त्यांना म्हणा, करून दाखवा.

"मले सगळे हासले, आबाजी."

मग मात्र देवरावांना उठणं भाग पडलं. त्यांच्या मते त्यांची स्वतःची इज्जत फारशी उरलेली नव्हती, ती गेली तरी चाललं असतं. पण 'आमच्या मास्तराईले' हा शब्द हसण्यावारी गेला होता. ते काही त्यांना चालणार नव्हतं.

करून दाखवायचं तर लंबक पाहिजे. शाळेत एक पितळी गोळा होता हे त्यांना आठवत होतं. डोक्याला दुपट्टा बांधून ते उन्हात शाळेत गेले. आताचा मुख्याध्यापक पूनमसिंग हा त्यांचाच विद्यार्थी. त्यानं उठून पाया पडून घेतलं, थंड पाणी दिलं आणि मग अधिकारी झाला.

"लंबक हाय ना सर. पन तो डेड स्टॉकात हाय."

"म्हन्जे?"

"म्हन्जे त्याचं निर्लेखन व्हाचं हाय, रजिस्टरातून नाव काढाचं हाय. निर्लेखन झाल्याबिगर बाहेर देता येत नाही."

"अन निर्लेखन झाल्यावर?"

"मंग तो राहतच नाही ना सर. देऊ तरी काय?"

देवरावांनी पाणी पिऊन टाकलं. "पूनमसिंग, दोरीले बांधलेला गोया हाय तो. मी दोन दिवसांत आनून देतो."

"सर, तुमी माहे गुरू. जीव मागा. पन लंबकाले अर्ज लागते, अर्जाले समिती लागते, अन समितीतले दोघं सुट्टीत गावाले गेले." मग जरा आवाज उतरवून, "अन खरं सांगू? कपाटाची चाबी शिपाई घेऊन गेला. पांढरकवड्याले त्याच्या मेव्हनीचं लगन हाय."

ज्या पोराला आपण कधीकाळी 'नियम पाळावेत' हा निबंध लिहायला लावला होता, त्यानं तो असा लक्षात ठेवावा याचं देवरावांना दुःख झालं. ते घरी आले. ओसरीत उभे राहून त्यांनी वर पाहिलं. मग स्टूल घेतलं आणि खुंटीची गाठ सोडायला लागले.

बंगई खाली आली तशी शेजारून वच्छलाबाई आल्या. वच्छलाबाई म्हणजे अपेक्षाची आजी, पंचफुलाबाईंची जन्माची मैत्रीण. त्यांच्या कडेवर मातीची कोरी घागर होती.

"गुरुजी, परवा अक्षय तीज हाय. पंचफुलाच्या नावानं घागर भरा लागते, पहिलीच तीज हाय तिची. तुमी काही आनत नाही म्हून मीच आनली."

देवराव खुंटीची सोडलेली दोरी गुंडाळत राहिले. अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, पत्रावळीवर रस-कुरडई वाढतात, हे त्यांना माहीत होतं. आई-वडिलांच्या नावानं त्यांनी जन्मभर भरली होती, म्हणजे पंचफुलाबाई भरत आणि ते हात जोडत. आता त्या भरणाऱ्यांतून भरून घेणाऱ्यांत गेल्या, एवढं मान्य करायचं होतं. ते काम त्यांनी टाळलं होतं.

"अन हे बंगई कायले काढली?"

"ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सिद्ध कराचा हाय."

"तेच म्हनून राह्यली मी, अक्षय तीज," वच्छलाबाई म्हणाल्या आणि घागर कोपऱ्यात ठेवली. "पन एक सांगते, रिकामी बंगई हालवाची नसते. घराले चांगलं नसते. कोनी बसा लागते."

कोणी बसायचं हा प्रश्न उरलाच. तेवढ्यात बशीर आला, हे बरंच झालं.

बशीरचं कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान. बंगई उतरलेली पाहून कपिलनं त्याला कडी तपासायला पाठवलं होतं. स्टुलावर चढून त्यानं वरची कडी हलवून पाहिली, साखळ्या ओढल्या आणि बंगईला एक हलकासा धक्का दिला. बंगई कुरकुरली. कर्र, कर्र. ती कुरकुर गल्लीच्या ओळखीची होती. दुपारी ती सुरू झाली की पंचफुलाबाई कामातून मोकळ्या झाल्या असं समजायचं आणि वच्छलाबाईंनी आपला कप घेऊन चहाला यायचं, असा जुना रिवाज. देवराव वैतागून दर उन्हाळ्यात म्हणायचे, तेल घालतो. त्या म्हणायच्या, असू द्या जी, घरात कोनी हाय हे समजते.

"सर, कडी तो मजबूत हाय. आवाज भोत करती, बस. मैं देखता," बशीर म्हणाला.

तोवर देवराव मोजायची टेप शोधायला आत गेले. बशीरनं मनापासून, एक पैसा न मागता, दोन्ही कड्यांना भरपूर ग्रीस लावलं. देवराव बाहेर आले तेव्हा बंगई हलत होती आणि आवाज अजिबात नव्हता.

"हे काय केलं?"

"एकदम मक्खन, सर!"

"पुस्तकात पन तेच हाय, आबाजी," अपेक्षा खुशीत म्हणाली. "घर्षण दुर्लक्षित करा. आता उत्तर बरोबर येईन."

देवराव टेप हातात धरून उभे राहिले. बशीर घाम पुसत हसत होता. एवढ्या भल्या माणसाला काय बोलणार?

प्रयोगासाठी गल्ली जमली. कपिल मोबाईलवर हळू गतीचा व्हिडिओ घेणार होता. त्यावरून वेग काढू असं तो म्हणाला, कसा काढायचा ते म्हणाला नाही. रिकामी हलवायची नाही म्हणून फळीवर काहीतरी वजन ठेवणं आलं. कोणी म्हणालं तुरीचं पोतं ठेवा, कोणी म्हणालं सिलिंडर ठेवा. सिलिंडरवर बरीच चर्चा झाली. शेवटी कोणीतरी कोपऱ्यातली घागर उचलली, पाण्यानं भरली आणि फळीवर सुतळीनं बांधली. वच्छलाबाई तेव्हा घरी कुरडया उलटवायला गेल्या होत्या. देवरावांनी हे पाहिलं. नको म्हणावं असं त्यांना वाटलंही, पण गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या आयुष्यात जे जे झालं ते असंच, त्यांच्या डोळ्यांदेखत आणि दुसऱ्याच कोणाच्या हातानं झालं होतं. नको म्हणायची सवय मोडली होती.

"सोडाचं हाय, ढकलाचं नाही," त्यांनी एवढंच बजावलं.

कपिलनं फळी साठ अंशांपर्यंत ओढली. एका हातात मोबाईल, एका हातात फळी. पण आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती सोडून देणं माणसाला जमत नाही, आणि कपिल तर उत्साही माणूस. त्यानं ढकललं. सुतळी सुटली. बंगई गेली ती गेली, घागर तिच्याही पुढं गेली आणि समोरच्या भिंतीवर फुटली. पाणी बशीरच्या अंगावर, खापऱ्या गल्लीभर.

कुरडया सोडून वच्छलाबाई धावत आल्या. खापऱ्या पाहिल्या, भिंत पाहिली, देवरावांना पाहिलं.

"पंचफुलाची घागर फोडली!"

"व्हिडिओत मस्त आलं पन," कपिल म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मोबाईल खिशात ठेवला.

"आता तिले पानी कशात देता, गुरुजी? वर्गमूयात?"

बसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून देवराव बंगईवर बसले.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बसलो. पंचफुलाबाई ठेंगण्या. पाय टेकावेत म्हणून त्यांनी बंगई मुद्दाम बुटकी टांगून घेतली होती. उंच देवरावांचे गुडघे पार छातीशी आले. ते तसेच अवघडून बसून राहिले. बंगई थोडी पुढंमागं झाली, आवाज न करता, आणि थांबली. त्यांनी खाली पाहिलं. फळी आणि फरशी यांच्यात वीतभर जागा होती. बंगई थांबली तरी ती जागा तशीच होती. आणखी खाली जायचं तिनं नावच घेतलं नाही.

देवराव त्या जागेकडे बघत राहिले. वच्छलाबाईंना वाटलं, गुरुजींना जास्तच लागलं.

"अजी, राहू द्या. उद्या दुसरी आनू घागर."

"अपेक्षा," देवराव म्हणाले, "बंगई जमिनीवर येते काय?"

"नाही, आबाजी."

"मंग ही जी खालची उंची हाय, ती तिनं खर्चच नाही केली. वर होती तेव्हाही होती, खाली आली तरी हायच. तिचा वेग कसा होईन?" त्यांनी हातानं फळीखालची जागा दाखवली. "उंची इथून मोजाची. जिथं ते थांबते तिथून. मी जमिनीपासून मोजली."

अपेक्षानं पेन काढलं. एक मीटर. दोन गुणिले दहा गुणिले एक. वीसचं वर्गमूळ. साडेचारच्या जरासं आत.

"आलं!" ती ओरडली. मग तिला समजलं आपण काय ओरडलो, आणि तिनं पेनाला टोपण लावलं.

देवराव उठायला गेले, पण बुटक्या बंगईवरून त्यांना पटकन उठता येईना, त्यामुळे जे बोलायचं ते बसूनच बोलावं लागलं.

"पुस्तक बरोबर हाय. चूक माही होती. भूगोलाचा मानूस, उंची म्हटली का जमीन दिसते. समुद्रापासून नाही मोजली हेच नशीब. कपिल, टाक ग्रुपवर. क्लासच्या सरांनाही सांग, अपेक्षा." जरा थांबून ते म्हणाले, "तुही बंगईवाली आजी तेवढी खोटी पडली. मास्तराले येत नाही असं गनित निघालं."

यावर वच्छलाबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग भिंतीला टेकून.

"खोटी कायची जी पडते! पोट्टीनं तुमाले अर्धंच सांगितलं. अपेक्षे, पुरं सांग, आजी काय म्हने?"

अपेक्षा लाजून गाईडची पानं चाळायला लागली.

"सांग ना व!"

"आजी म्हने... आमच्या मास्तराईले येत नाही असं गनितच नाही. पन ते पहिले पुस्तकाचीच चूक काढतात. मंग उगमुग बसतात, जेवत नाही. तवा कोनी काही बोलाचं नाही. मंग येते बरोबर."

गल्ली हसली. बशीर ओल्या सदऱ्यानिशी हसला. देवराव मान खाली घालून फळीवरचा सुतळीचा तुकडा सोडवत बसले. तो बराच वेळ सुटत नव्हता.

तीजेच्या दिवशी त्यांनी स्वतः कुंभाराकडून दुसरी घागर आणली. स्वतः भरली. वच्छलाबाई सांगत गेल्या तसं पत्रावळीवर रस वाढला, कुरडई ठेवली. ठेवताना रस थोडा सांडला. वच्छलाबाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

दुपारी देवराव बशीरच्या दुकानात गेले.

"ते ग्रीस पुसून दे."

"क्यों सर? लोक आवाज बंद कराले पैसे देते!"

"तू पूस ना बाबू."

बशीरनं रॉकेलचा बोळा घेऊन दोन्ही कड्या घासून काढल्या. का, ते त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो गेल्यावर अपेक्षा दुसरं गणित घेऊन आली. देवराव त्याच बुटक्या बंगईवर गुडघे मोडून बसले आणि पायानं जरा रेटा दिला. कर्र. कुरकुर पहिल्यांदा नीट आली नाही, घसा बसल्यासारखी आली. मग लागली.

"घर्षण दुर्लक्षित करा," अपेक्षानं शेवटची ओळ वाचली.

"वाचू नोको ते."

शेजारच्या घरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि वच्छलाबाई दारात आल्या. हातात त्यांचा कप होता. त्या उंबऱ्यातच थबकल्या. सवयीनं आल्या होत्या आणि बंगईवर कोण आहे ते आता दिसत होतं.

"चहा मांडला का जी?" त्यांनी विचारलं.

"मांडतो," देवराव म्हणाले, आणि दोन्ही साखळ्या धरून कसेबसे उठले.

त्यांच्या मागे बंगई रिकामीच झुलत राहिली. वच्छलाबाईंनी ती थांबवायला हात पुढं केला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या कप मांडीवर धरून तिच्यावर बसल्या. देवराव आत शेगडीपाशी काडेपेटी शोधत होते. ती सापडेपर्यंत बाहेर बंगई कुरकुरत होती.